झाडाखाली गवत जगत नाही, तिथे लव्हाळा

मोठ्या ओक किंवा मॅपलखाली दर वसंतात गवताचं बी टाकलं जातं, मे महिन्यात तिथे हिरवळ दिसते आणि ऑगस्टपर्यंत पुन्हा उघडी माती उरते. यात बियांचा दोष नसतो. हिरवळीचं गवत मुळात उन्हात वाढणारं. सावलीत त्याला अन्न तयार करायला उजेड कमी मिळतो, त्यात दर आठवड्याला यंत्र फिरवून आपण त्याची पानं कापून नेतो, आणि जमिनीच्या वरच्या थरातली ओल झाडाची मुळं आधीच ओढून घेतात. अशा जागी गवत जगलंच तर ते नवल.

पण पूर्व उत्तर अमेरिकेतल्या कोरड्या ओक जंगलांत याच झाडांखालची जमीन उघडी नसते. घोट्याच्या थोडी वर येणारी, बारीक पानांची एक वनस्पती तिथे पसरलेली असते. पानं एका बाजूला कललेली, वारा आला की सगळी एकदम हलणारी. तिचं शास्त्रीय नाव कॅरेक्स पेन्सिल्व्हॅनिका. हा इथला मूळचा लव्हाळा आहे आणि कोरड्या सावलीसाठी याच्याइतकी भरवशाची जमीन झाकणारी वनस्पती क्वचितच सापडते. तरीही अनेक बागांत तो फसतो, आणि फसण्याचं कारण बहुतेक वेळा एकच असतं: त्याला गवतासारखं वागवलं जातं. गवतासारखं बी टाकणं, गवतासारखं पाणी देणं, गवतासारखं खत घालणं, या तिन्ही गोष्टी त्याच्या मुळावर येतात.

नावाचा थोडा घोळ आधी सोडवू. लव्हाळा म्हटलं की मराठी माणसाला ओढ्याकाठची वाकणारी पाती आठवतात, नाहीतर शेतात कितीही खुरपलं तरी पुन्हा उगवणारा नागरमोथा. दोन्ही याच कुळातले. कॅरेक्स ही त्या कुळातली फार मोठी प्रजाती आहे. जगभरात तिच्या सुमारे २००० जाती, आणि मेक्सिकोच्या उत्तरेकडे जवळपास ४८०. त्यातल्या पुष्कळ जाती पाणथळ जागी वाढतात, त्यामुळे ‘लव्हाळा म्हणजे भरपूर पाणी’ असा समज होतो. पेन्सिल्व्हॅनिका मात्र कोरड्या, निचऱ्याच्या जमिनीतली आहे. नागरमोथ्यासारखे गड्डेही तिला नसतात. ती जमिनीलगतच्या बारीक आडव्या खोडांनी हळूहळू सरकते आणि नको तिथे आली तर खुरप्याने सहज निघते.

नर्सरीत विचारताना शास्त्रीय नावच सांगा. तिथल्या पाटीवरचा ‘सेज’, म्हणजे लव्हाळ्याचं इंग्रजी नाव, आणि स्वयंपाकातला सुवासिक पानांचा ‘सेज’ कानाला सारखेच वाटतात. शिवाय नुसतं ‘कॅरेक्स’ मागितलंत तर पट्ट्यापट्ट्यांच्या पानांच्या जपानी जाती समोर येतात. त्या शोभेच्या असतात, पण इथल्या जंगलातल्या नव्हेत. रोप हातात घेऊन बुडाशी पाहा. पेन्सिल्व्हॅनिकाच्या बुंध्याला लालसर तपकिरी रंग आणि जुन्या पानांचे धागे असतात, पानं जेमतेम एक ते तीन मिलिमीटर रुंद असतात. फुलाची दांडी दोन बोटांत फिरवली तर तिचे तीन कोपरे जाणवतात. गवताची काडी गोल असते आणि तिला पेरं असतात.

आता त्याचं वर्ष कसं जातं ते पाहू, कारण पुढची सगळी निगा त्यावरच ठरते. हा थंडीत चालणारा गडी आहे. मार्च-एप्रिलमध्ये, वरच्या झाडांना पालवी फुटण्याआधी, उघड्या फांद्यांतून भरपूर उजेड खाली येतो आणि माती ओली असते. लव्हाळा तेव्हाच कोंब काढतो. एप्रिल-मेमध्ये त्याला फुलं येतात: टोकाला पिवळसर परागांचं नर कणीस, त्याच्या खाली छोटी मादी कणसं. फुलं ओसरली की पानं लांबतात, ६ ते १० इंचांवर येऊन कमानीसारखी झुकतात. जुलै-ऑगस्टमध्ये वाढ जवळजवळ थांबते. सप्टेंबरच्या गारव्यात ती पुन्हा थोडी चालते आणि नंतर पानं गवती रंगावर येतात. सौम्य हिवाळ्याच्या भागात ती अर्धवट हिरवी राहतात, कडक थंडीत पूर्ण वाळतात. वाळलेली पानं म्हणजे मेलेलं रोप नव्हे. अमेरिकी कृषी खात्याच्या थंडीच्या नकाशातल्या ४ ते ८ या पट्ट्यांत तो बिनघोर टिकतो.

जागा पारखताना

पानांतून कवडसे पडणारी सावली त्याला सर्वांत मानवते. सकाळचं दोन-तीन तासांचं ऊन चालतं. दुपारच्या कडक उन्हात पानांची टोकं करपतात, दक्षिणेकडच्या उष्ण भागात तर नक्कीच. इमारतीच्या उत्तरेची, सदापर्णी झाडांखालची गर्द अंधारी जागा असेल तर तो जगतो, पण विरळ राहतो.

सावलीपेक्षाही निचरा महत्त्वाचा आहे. एक फूट खोल, एक फूट रुंद खड्डा घ्या, पाण्याने भरा, ते जिरू द्या आणि पुन्हा भरा. दुसऱ्या वेळी तासाला एक इंच किंवा जास्त पाणी उतरलं तर जागा योग्य आहे. दुसऱ्या दिवशीही तळाला पाणी दिसत असेल तर इथे पेन्सिल्व्हॅनिका लावू नका. झाडाच्या मुळांत एवढा मोठा खड्डा घेऊ नका. मुळांच्या घेराच्या काठावर, तशाच मातीत घेतला तरी अंदाज येतो.

मातीत काय मिसळायचं? काहीही नाही. रेताड किंवा पोयट्याची, थोडी आम्लधर्मी माती त्याला आवडते, आणि ओकखाली ती बहुधा तशीच असते. कंपोस्ट मिसळून जमीन भुसभुशीत केली की आधी तणं माजतात, आणि मिसळताना झाडाची मुळं तुटतात ती वेगळीच.

बी की रोप?

रोपच. यात वाद नको. या लव्हाळ्याला बी मुळात कमी धरतं. जे धरतं ते मे अखेर ते जूनमध्ये पिकतं आणि दोन-चार दिवसांत गळून जातं. गोळा केलंच तर ओल्या वाळूत किमान दोन महिने थंडीत ठेवावं लागतं, आणि पेरताना मातीने न झाकता वरच दाबावं लागतं, कारण त्याला उगवायला उजेड हवा. एवढं करूनही उगवण बेभरवशाची. बियांचं पाकीट विकत घेऊन ‘लव्हाळ्याची हिरवळ’ करू पाहणाऱ्यांची निराशा होते ती इथे.

नर्सरीत याची छोटी, खोल कप्प्यांतली रोपं ट्रेमध्ये मिळतात. ५० कप्प्यांचा, साधारण ५ इंच खोलीचा ट्रे या कामाला उत्तम. कप्पा अरुंद असल्यामुळे झाडांच्या मुळांमधल्या फटीत तो बसतो. मोठ्या कुंडीतलं रोप दिसायला भरगच्च असतं, पण त्यासाठी घ्यावा लागणारा खड्डा झाडाखाली परवडत नाही.

किती रोपं लागतील? १०० चौरस फुटांसाठी, एक फुटावर एक लावलं तर १००, दहा इंचांवर १४४, आठ इंचांवर २२५. एक फुटाच्या अंतराने जमीन झाकायला तीन हंगाम लागतात, आठ इंचांनी दोन. मधल्या काळात मोकळ्या मातीत तण येतं, म्हणजे अंतर वाढवून वाचवलेली रोपं पुढे खुरपणीत भरून द्यावी लागतात. वेळ कमी असेल तर संपूर्ण जागेत विरळ लावण्यापेक्षा अर्ध्या जागेत दाट लावा आणि उरलेली अर्धी पुढच्या वर्षी घ्या. हा मार्ग सहसा चुकत नाही.

झाडाच्या मुळांमध्ये लावणं

इथे घाई केली तर नुकसान लव्हाळ्याचं नाही, झाडाचं होतं. झाडाची अन्नपाणी घेणारी बारीक मुळं बहुतेक जमिनीच्या वरच्या फूट-दीड फुटातच असतात. मॅपल आणि बीचची तर अगदी वर. म्हणून झाडाखाली नांगरट करणारं यंत्र कधीही फिरवू नका. सपाट वाफा करायचा म्हणून मुळांवर चार-सहा इंच मातीही ओतू नका. वर माती चढली की मुळांना हवा मिळत नाही आणि झाड दोन-तीन वर्षांत शेंड्याकडून वाळू लागतं. तेव्हा कारण कुणाच्या लक्षातही येत नाही.

आधी जुनं गवत आणि तण काढा. सावलीतलं गवत विरळच असतं, खुरप्याने मुळासकट निघतं. आयव्ही किंवा व्हिन्काचे वेल असतील तर त्यांना एक पूर्ण हंगाम द्या: उपटा, सहा आठवडे थांबा, फुटतील ते पुन्हा उपटा. तुकडा राहिला तर तो लव्हाळ्याच्या मधूनच वर येतो, आणि मग तो काढताना रोपंही उपटली जातात.

लावण्याचे दोन हंगाम: एप्रिल ते मेचा मध्य, किंवा सप्टेंबर ते ऑक्टोबरची सुरुवात. शरद ऋतूतली लागवड मुळांसाठी चांगली, कारण माती अजून उबदार असते आणि पानांवर उन्हाचा ताण नसतो. पण जमीन गोठण्याच्या किमान सहा आठवडे आधी काम संपलं पाहिजे. उशीर झाला तर मुळं मातीत शिरण्याआधीच गोठण-वितळणीने रोपं बुचासारखी वर ढकलली जातात आणि वाऱ्याने वाळतात. उत्तरेकडे राहत असाल तर वसंतातच लावा.

आदल्या दिवशी ट्रेला भरपूर पाणी द्या. जमीन वाफशावर असावी, म्हणजे मूठ वळली तर माती एकत्र राहील पण बोटाने दाबली की फुटेल. मातीत अरुंद पात्याची लावणीची सुरी किंवा खुरपं खुपसा. कठीण लागलं तर जोर लावू नका, दोन-तीन इंच बाजूला सरका. बोटापेक्षा जाड मूळ कापू नका. रोपांच्या रांगा सरळ येणार नाहीत, येऊही नयेत. जंगलात त्या नसतातच. ड्रिलला लावायचं मातीचं गिरमिट झाडाच्या घेराबाहेर खुशाल वापरा, पण आत ते मुळं फाडतं.

खड्डा कप्प्याइतकाच खोल हवा. रोपाची मुळं तळाशी गोल गुंडाळलेली असतील तर बोटाने सैल करा. रोपाचा गाभा, म्हणजे जिथून पानं फुटतात तो भाग, जमिनीच्या पातळीला ठेवा. गाभा पुरला तर कुजतो. उलट, कप्प्यातल्या मिश्रणाचा वरचा भाग उघडा राहिला तर तो वातीसारखं पाणी बाहेर खेचून मुळं सुकवतो. म्हणून त्या मिश्रणावर आजूबाजूच्या मातीचा अगदी पातळ थर ओढा आणि बोटांनी घट्ट दाबा. दाबल्यावर पान धरून हलकंच ओढून पाहा. रोप हातात आलं तर पुन्हा लावा. झाडाच्या बुंध्यापासून पहिलं रोप एक-दोन फूट लांब ठेवा.

मग रोपांमध्ये कुजलेल्या पानांचा किंवा बारीक चुरलेल्या पाचोळ्याचा एक इंचाचा थर द्या. लाकडाच्या चिपांचा तीन-चार इंचांचा थर झुडपांना ठीक, इथे नको. लव्हाळ्याची आडवी खोडं वरच्या मातीतच सरकतात आणि जाड थराखाली नवे फुटवे अडतात.

पाणी

लावल्याबरोबर प्रत्येक रोपाला सुमारे अर्धा लिटर. पहिले तीन आठवडे दोन-तीन दिवसांआड, तेही बोट मातीत दोन इंच घालून कोरडं लागलं तरच. त्यानंतर पहिल्या पूर्ण हंगामात पाऊस धरून आठवड्याला एक इंच. १०० चौरस फुटांना एक इंच म्हणजे जवळपास २३५ लिटर. तुषार सिंचन असेल तर एक रिकामा सपाट डबा खाली ठेवा आणि त्यात इंचभर पाणी साठायला किती वेळ लागतो ते मोजा. दुसऱ्या वर्षापासून फक्त दोन-तीन आठवडे पाऊस नसेल तेव्हा. तिसऱ्या वर्षी बहुधा कधीच नाही.

हिरवळीसाठी रोज सकाळी चालू होणारं स्वयंचलित पाणी याच जागेवरून जात असेल तर तो भाग बंद करा. जून-जुलैमध्ये रोपांचा मधला भाग तपकिरी होऊ लागला, पानं ओढली की सहज निघाली आणि बुडाला कुजका वास आला, तर पाणी जास्त झालं आहे. अशा वेळी अनेक जण ‘सुकतंय’ समजून आणखी पाणी देतात. पानांची फक्त टोकं करपलेली आणि गाभा घट्ट असेल तर उलट कारण असतं, म्हणजे ऊन किंवा तहान.

पहिली दोन वर्षं म्हणजे खुरपणी

सगळ्यात जास्त बागा इथेच हरतात. पहिल्या वर्षी लव्हाळा वर फारसा दिसत नाही, कारण त्याचं काम जमिनीखाली चालू असतं. दर दोन आठवड्यांनी अर्धा तास द्या. महिनाभराने तीन तास देणं ही त्याची भरपाई नव्हे, कारण तोवर तणाची मुळं रोपात गुंततात.

दोन तणांवर खास लक्ष हवं. गार्लिक मस्टर्ड उगवल्यानंतरच्या दुसऱ्या वर्षी एप्रिल-मेमध्ये पांढरी फुलं काढतो. शेंगा धरण्याआधी मुळासकट उपटा. जपानी स्टिल्टग्रास जास्त फसवं, कारण ते सावलीतच वाढतं आणि लांबून लव्हाळ्यासारखं वाटतं. त्याचं पान आखूड आणि रुंद, वर चंदेरी शीर, काडी पेऱ्यांची. ते एकाच हंगामाचं आहे आणि हाताने सहज निघतं. ऑगस्टमध्ये, बी धरण्याआधी काढलंत तर त्या वर्षीची पिढी संपते, पण जमिनीतलं जुनं बी आणखी काही वर्षं उगवत राहतं. शंका आली की बुंधा पाहा. लालसर आणि धागेदार असेल तो आपला.

हिरवळीतला मोथा मारण्यासाठी मिळणारी तणनाशकं इथे चुकूनही फवारू नका. मोथा आणि हा लव्हाळा एकाच कुळातले आहेत. ‘गवताला इजा नाही’ हे लेबलवरचं वाक्य लव्हाळ्याला लागू होत नाही. खतही देऊ नका. नत्र मिळालं की पानं लांबट, लुळी होऊन आडवी पडतात.

पाचोळा आणि कापणी

झाडाखालच्या लागवडीवर पानं पडणारच. जमलेल्या, जुन्या लव्हाळ्याला ओकची थोडी पानं त्रास देत नाहीत, ती पात्यांमधून खाली सरकतात. पण मॅपलची मोठी पानं पावसाने चिकटून चटईसारखी बसली तर पहिल्या-दुसऱ्या वर्षाची रोपं खाली पांढरी पडून मरतात. ती पानं हलक्या हाताने ओढून घ्या, बाजूला गवत कापायच्या यंत्राखाली चुरा आणि चुरा परत पसरा. बाहेरचं खत आणायची गरजच राहत नाही.

कापायलाच हवं असं नाही. जुनी पानं नव्यांखाली आपोआप कुजतात. नीटनेटकं हवं असेल तर फेब्रुवारी अखेर ते मार्चच्या मध्यापर्यंत, नवे कोंब वर येण्याआधी, तीन इंचांवर एकदा कापा. कोंब आल्यावर कापलं तर त्यांची टोकं छाटली जातात आणि पुढचे दोन महिने प्रत्येक पानाला तपकिरी बोथट कडा राहते. हिरवळीसारखं बुटकं हवं असेल तर फुलं झाल्यावर, जूनमध्ये, आणखी एकदा साडेतीन-चार इंचांवर. जुलै-ऑगस्टमध्ये नको, तेव्हा त्याच्याकडे परत वाढायचं बळ नसतं.

तुडवणं त्याला अधूनमधून चालतं, रोजचं नाही. रोजच्या वाटेवर दगड टाका.

एकटा लावू नका

जंगलात हरणांचं चरणं फार वाढलं की हा लव्हाळा दाट चटई करतो आणि झाडांची नवी रोपं तिच्यात रुजत नाहीत. हरणं त्याला फारसं तोंड लावत नाहीत, म्हणून शेवटी तोच उरतो. बागेत हा गुण सोयीचा, पण सगळीकडे एकच वनस्पती ठेवणं जमिनीच्या आणि किड्यामुंग्यांच्या दृष्टीने गरीब ठरतं. सुमारे ७० टक्के लव्हाळा आणि बाकी इथलीच सावलीतली रोपं असं प्रमाण ठेवा: रानजिरॅनियम, वुडलँड फ्लॉक्स, पांढरा वुड ॲस्टर, फोमफ्लॉवर, ख्रिसमस फर्न. वसंतात लवकर उगवून जूनपर्यंत नाहीशी होणारी स्प्रिंग ब्यूटी याच्या पात्यांमधून छान वर येते, आणि ती गेल्यावर जागा रिकामी दिसत नाही. ही सगळी रोपं लव्हाळ्याबरोबर एकाच वेळी लावा. दाट झालेल्या चटईत नंतर घुसवलेलं रोप क्वचितच तग धरतं.

जागा वेगळी असेल तर जातही वेगळी

डेलावेअर राज्यातल्या माउंट क्युबा सेंटर या वनस्पती उद्यानात २०१८ ते २०२१ या काळात ७० प्रकारचे कॅरेक्स एकत्र लावून पाहिले गेले, काही कापूनही पाहिले. त्यात सर्वांत सरस ठरला कॅरेक्स वुडाय. तोही आडव्या खोडांनी पसरणारा, पेन्सिल्व्हॅनिकासारखाच दिसणारा. मध्यम ओलीच्या सावलीत दोघांपैकी एक निवडायचा तर वुडाय निवडा. जड चिकणमातीत कॅरेक्स ब्लॅन्डा. तो ठोंबाने वाढतो, बी सांडून पसरतो आणि जवळजवळ काहीही सोसतो, त्यामुळे नेटक्या वाफ्याशेजारी मात्र नको. कोरड्या सावलीत पसरणारा नको, ठोंब हवा असेल तर कॅरेक्स रोझिया. चुनखडीच्या कोरड्या जमिनीत कॅरेक्स एबर्निया. रुंद, सुरकुतलेली, हिवाळाभर हिरवी पानं हवी असतील तर कॅरेक्स प्लांटॅजिनिया, पण त्याला ओल थोडी जास्त लागते.

वाढवायचा कसा

तिसऱ्या वर्षानंतर स्वतःच्याच बागेतून रोपं मिळतात. एप्रिलच्या सुरुवातीला किंवा सप्टेंबरमध्ये, आदल्या दिवशी पाणी देऊन, चटईच्या कडेचा वीतभर तुकडा उचला. माती झटका म्हणजे आडवी खोडं दिसतील. कात्रीने असे भाग करा की प्रत्येकात तीन ते पाच फुटवे आणि त्यांची स्वतःची मुळं असतील. एका फुटव्याचे तुकडे जगण्याचं प्रमाण फार कमी. पानं चार इंचांवर छाटा, मुळं ओल्या फडक्यात ठेवा आणि त्याच दिवशी लावा. उन्हात तासभर उघडी पडलेली मुळं संपलीच म्हणून समजा. तुकडा मध्यभागातून न उचलता कडेवरून घ्या. कडेचे फुटवे नवे असतात, आणि तुमची घेतलेली जागा पुढच्या वसंतापर्यंत बहुतेक भरून येते.